बेचाळिसावी नोंद

२४ ऑक्टोबर

बाई,

सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो, तो लिहिला असं धरा. यजमानांची तब्येत विचारायची असते, तीही विचारते. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून तुमच्या मुलाच्या पत्त्यावर लिहिते आहे. पत्र तुम्हीच वाचा. सुनेला वाचून दाखवायला सांगू नका.

ऑगस्टमध्ये तुम्ही रजेवर गेलात आणि दहावी 'क' माझ्या हातात दिलीत. सोबत एक वही दिलीत आणि म्हणालात, 'यात सगळं आहे.' वहीत एक ते बेचाळीस हजेरी क्रमांक आणि प्रत्येकापुढे एक-दोन ओळी. नाव एकही नाही. वही फाटायला आली होती. मी पहिल्याच दिवशी तिला नवं कव्हर घातलं आणि तुमच्या सूचना शब्दशः पाळायला सुरुवात केली. शाळेत येण्याआधी चार वर्षं मी कारखान्यात दाबमापकं तपासली आहेत. लेखी सूचना पाळायची सवय तिथली.

त्या वहीतले नंबर चुकीचे आहेत.

सतरा नंबरचा मुलगा जुलैत शाळा सोडून गेला. ऑफिसच्या संगणकाला मधली रिकामी ओळ चालत नाही. त्याच दुपारी अठराचा सतरा झाला, एकोणिसाचा अठरा, आणि तिथून शेवटपर्यंत सगळे एकेक घर वर सरकले. तुमची वही मात्र जागची हलली नाही. म्हणजे गेले अडीच महिने मी अर्ध्याहून अधिक वर्गाची काळजी घेते आहे ती दुसऱ्याच कुणाची तरी समजून.

अठराला मी येता-जाता दमात घेतलं, कारण वहीत लिहिलंय, 'ऐकू आलं नाही असं सोंग आणतो, भुलू नका.' त्याला डाव्या कानाने खरोखरच ऐकू येत नाही. एकोणीस हा ताडमाड मुलगा. त्याला मी वहीप्रमाणे पहिल्या बाकावर आणून बसवलं आणि त्याच्या उजव्या कानाशी मोठ्याने बोलत राहिले. मागची मुलं म्हणायची, 'मॅडम, फळ्याच्या आधी टॉवर दिसतो.' सतराला बाजूला घेऊन विचारलं, वडिलांची बदली व्हायची आहे म्हणून मन लागत नाही का. तो म्हणाला, 'बाबांचं दुकान आहे, मॅडम. दुकानाची बदली कुठे होणार?' मी त्याला उद्धट समजले. बावीस तापाने फणफणला होता. वहीत बावीसपुढे, 'घरी फोन नको, कधीही नको. अडलं तर मावशीला.' मी मावशीचा पत्ता विचारला. 'मला मावशीच नाहीये, मॅडम.' मला वाटलं, लपवतोय. शाळा सुटेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

इथवरचं हसण्यावारी नेता आलं असतं.

एकवीस नंबरची मुलगी दर गुरुवारी शेवटच्या तासाला वर्गात नसायची. वहीत एकवीसपुढे, 'वडील समजूतदार. जराही काही वाटलं तर थेट त्यांना सांगा.' चौदा तारखेला मी थेट फोन केला. ते म्हणाले, 'फार आभारी आहे, मॅडम. इतकं लक्ष देणारे शिक्षक आता राहिलेत कुठे.'

सतरा तारखेला, गुरुवारी, ते अडीचपासून फाटकाशी उभे होते. शेवटच्या तासाला त्यांनी मुलीला मनगट धरून ग्रंथालयातून बाहेर आणलं. मागोमाग एक बाई धावत आली आणि फाटकाच्या आत थांबली. शिपाईमामा म्हणाले, 'आई आहे तिची. दोन वर्षं झाली, वेगळी राहते. बाप भेटू देत नाही.' त्या दिवसापासून मुलगी शाळेत आलेली नाही.

घरी फोन नको, ही ओळ तिची होती.

परीक्षेचे अर्ज पंधरा नोव्हेंबरला बंद होतात. तिचा भरलेला नाही. तो गेला नाही तर तिचं वर्ष गेलं.

वहीत कुठेही तारीख नाही. कुठली यादी धरली आहे, ते लिहिलेलं नाही. कारखान्यात असा कागद कुणी दिला असता तर मी त्याच पावली परत केला असता. तुम्हाला एकतीस वर्षांचा अनुभव आहे. उत्तर द्या.


२९ ऑक्टोबर

बाई,

उत्तर आलेलं नाही. घडलेलं कळवते.

काल मुलीच्या वडिलांचा अर्ज आला. शाळा सोडल्याचा दाखला हवा आहे. हेडसरांनी मला बोलावलं. तिथे क्लार्कही दाखल्याचा कोरा फॉर्म घेऊन उभा होता, जणू मी सही करायलाच जन्मले आहे.

मी म्हटलं, 'सर, दहावीच्या मुलीला आता कुठलीही शाळा घेणार नाही. दाखला दिला की ती ना इथली ना तिथली.'

'ते पालकांनी बघायचं. घरच्या भानगडीत शाळेने नाक खुपसायचं नसतं.'

'आपण खुपसलंय, सर. फोन शाळेतून गेला.'

'तुमच्याकडून गेला,' ते म्हणाले, आणि शांतपणे चष्मा पुसायला लागले. 'आणि दर गुरुवारी शाळेच्या आवारात हे चालू होतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी नाही, तुम्हीही नाही. आता नाव पटावरून कमी करा आणि विषय संपवा.'

क्लार्क म्हणाला, 'मॅडम, कमी करून टाका. मी लगेच यादी नव्याने काढतो. बावीसचा एकवीस, तेविसाचा...'

'यादी हलवायची नाही.'

'अहो, एक घर तर सरकायचंय. पोरं काय जिन्यावरून पडणार आहेत?'

मी सही केली नाही. वर्गशिक्षकाच्या सहीशिवाय नाव कमी होत नाही, हा नियम मी त्याच दिवशी सकाळी वाचून ठेवला होता. क्लार्कने मला 'नियमांची आजीबाई' असं नाव ठेवलं आहे. मी सत्तावीस वर्षांची आहे.

राग हेडसरांचा येतोच आहे, पण त्यांच्याकडून मी वेगळी अपेक्षा केली नव्हती. तुमच्याकडून केली होती. एका मुलीची तिच्या आईशी होणारी भेट तुम्ही एका आकड्यावर टांगून ठेवलीत आणि गावाला गेलात. तोंडाने सांगायला तुम्हाला किती वेळ लागला असता? मी हिशेब केला. बेचाळीस मुलं, प्रत्येकी अर्धं मिनिट. एकवीस मिनिटं.

रोज हजेरी घेताना मी एकवीस म्हणते, चार सेकंद थांबते, गैरहजेरी लावते आणि बावीस म्हणते. आता वर्गही त्या चार सेकंदांत गप्प राहायला शिकला आहे.


४ नोव्हेंबर

बाई,

शनिवारी मी वहीचं कव्हर काढलं.

आतल्या जुन्या पुठ्ठ्यावर, वरच्या कोपऱ्यात, तुमच्या अक्षरात लाल शाईने लिहिलेलं आहे, 'जूनच्या यादीप्रमाणे. मूल गेलं की नंबर हलतात, सांभाळून.'

मी त्यावर खाकी कागद चिकटवला होता. नीटनेटकं दिसावं म्हणून. पहिल्या पत्रात 'कुठेही तारीख नाही' असं मी लिहिलं, ते मागे घेते.

माझा राग गेला असं मात्र समजू नका. अशी सूचना पुठ्ठ्यावर लिहायची नसते. पुठ्ठा फाटतो, त्याला कव्हर घालतात, शाळेतलं शेंबडं पोरही घालतं. ती प्रत्येक पानावर हवी होती. पण ती होती, आणि मी झाकली. हे दोन्ही खरं आहे, आणि कुठलं जास्त खरं ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

आणखी एक आहे, ते मी गाळलं होतं. वहीत नोंदी बेचाळीस आणि वर्गात मुलं एक्केचाळीस. शेवटची नोंद उरत होती. मला वाटलं, शेवटचा मुलगा शाळा सोडून गेला असेल. मी बेचाळीसवर पेन्सिलीने काट मारली आणि पुढे गेले. ती नोंद अशी होती, 'विचारलं तर सांगत नाही. न विचारता शेजारी बसावं.' हे कुणाचं आहे, असा प्रश्नही मला पडला नाही.

दाबमापक बिघडलं की ते रोज त्याच बाजूला आणि तेवढंच चुकतं. म्हणून ते पकडता येतं. दुकानाची बदली, नसलेली मावशी, फळ्याआड येणारा टॉवर, सगळी मापं एकाच बाजूला चुकत होती. कारखान्यात मी हे दहा मिनिटांत पकडलं असतं. इथे मला वाटलं, मुलं खोटं बोलताहेत. मापकावर मी कधी असा आळ घेतला नव्हता.

नावं का लिहिली नव्हती, ते मात्र मी तुम्हाला विचारलेलं नाही. कारण मला ते माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे की मला माहीत आहे. मी आठवीत होते, तुम्ही वर्गशिक्षिका होतात, आणि तुमची वही टेबलावर राहिली. मॉनिटरने उघडून मोठ्याने वाचलं. आधी माझं नाव, मग 'ही डबा आणत नाही. का ते विचारू नये, चारचौघांत तर नाहीच.' चाळीसजणांनी ऐकलं. त्या दिवसापासून पुढची दोन वर्षं रोज कुणीतरी माझ्यापुढे डबा सरकवत राहिलं, आणि त्या दोन वर्षांत मी तुमच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाही.

तेव्हापासून तुम्ही नंबर लिहायला लागलात. म्हणजे हिशेब उलटा मांडला तर सगळं माझ्यापाशी येऊन थांबतं. हे मला मान्य नाही. टेबलावर वही तुम्ही ठेवली होती.

मुलगी अजून आलेली नाही. अकरा दिवस उरले.


९ नोव्हेंबर

बाई,

तुमचं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'ग्रंथपाल काकूंना विचार. आणि ज्याला ताप होता तो बरा आहे का, ते कळव.'

मी तीन पत्रं लिहिली आणि उत्तर पहिल्याचं आलं. त्यात माफी नाही, रागही नाही. ताप असलेला मुलगा बरा आहे. दुसऱ्या दिवशीच बरा झाला होता. मला त्याची पुन्हा कधी चौकशी करावीशी वाटली नव्हती, हेही कळवते.

ग्रंथपाल काकूंकडे गेले. त्या पुस्तकांच्या पाठींवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मी म्हटलं, 'काकू, तुम्हाला सगळं माहीत होतं. इतके दिवस बोलला का नाहीत?'

'मला कुणी विचारलं? तू आलीस का इथे ऑगस्टपासून एकदा तरी?'

नव्हते गेले.

'दर गुरुवारी पस्तीस मिनिटं,' त्या म्हणाल्या. 'त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी. आई आधी तिची वेणी सोडून पुन्हा घालायची, मग दोघी गणितं करायच्या. आई रक्त तपासतात त्या प्रयोगशाळेत कामाला आहे, गुरुवारी दुपारी सुटी. मी इथेच असायची. कोर्टाची मनाई नाही, मनाई काय ती त्या बापाची. बाईंनी आधी कागद बघितले, मगच हो म्हटलं. आमच्या बाईंना काय तू वेडी समजतेस?'

'दाखला थांबवायचा आहे, काकू.'

'तो थांबलाय. ग्रंथालयाच्या "बाकी नाही"वर माझी सही लागते. तिच्या नावावर नकाशांचं पुस्तक आहे. ते परत येईपर्यंत मी सही करत नाही.' असं म्हणत त्यांनी खुर्चीवरची उशी नीट केली. उशीखाली नकाशांचं पुस्तक होतं. मी ते पाहिलं नाही, असं आम्हा दोघींचं ठरलं.

आईचा नंबर त्यांच्याकडे होता. आई काल शाळेत आली, मावशीला घेऊन. मावशी शाळेच्या मागच्या रस्त्यावर कपडे शिवते. ही ती मावशी, जिचा पत्ता मी तापाने फणफणलेल्या मुलाकडे मागत होते.

फोन मी केला होता, हे मी आईला आपणहून सांगितलं. मावशी म्हणाली, 'म्हणजे तुम्हीच त्या.' आईने परीक्षेच्या अर्जावर पालकाच्या जागी सही केली आणि पेनचं टोपण लावून पेन मला परत दिलं. पाचवीतल्या प्रवेशाच्या कागदावर तिचीच सही आहे, तो कागद मी शोधून अर्जाला जोडला आहे. हेडसरांनी तो दोनदा उलटसुलट करून पाहिला.

आता फक्त मुलीची सही हवी. ती वडिलांच्या घरी आहे.


१८ नोव्हेंबर

बाई,

चौदा तारखेला शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. घर स्वच्छ होतं. भिंतीवर मुलीची पाचवीपासूनची प्रगतिपत्रकं ओळीने लावलेली होती, सरळ, एका रेषेत. मी घरी लावली असती तर तशीच लावली असती. हे मला आवडलं नाही.

'या मॅडम. तुमच्यामुळेच तर कळलं,' ते म्हणाले.

'तेच सांगायला आलेय. तो फोन चुकून झाला.'

'चुकून म्हणजे? ती वर्गात नव्हती, हे खोटं आहे?'

'खरं आहे.'

'मग चूक कसली?'

बाई, या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. वहीची गोष्ट त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, 'मी अर्धंच सांगितलं. वर्गात नव्हती एवढंच सांगितलं, शाळेत होती हे सांगितलं नाही. ती कुठे आहे हे माहीत असणं माझं काम आहे. मला माहीत नव्हतं, म्हणून मी ते तुमच्यावर ढकललं.'

'तिच्या आईबरोबर होती ती.'

'हो. भेटू नये असा कोर्टाचा कागद असेल तर द्या. मी आजच फाइलला लावते.'

कागद काही त्यांनी आणला नाही. मी अर्ज टेबलावर ठेवला. 'उद्या शेवटची तारीख. दाखला घेतलात तरी आता दहावीला कुणी घेणार नाही. ती पुढच्या वर्षी परीक्षेला बसेल.'

'पुढच्या वर्षी? पण क्लार्क तर म्हणाला...' त्यांनी अर्ज उचलून तारीख वाचली. मग पुन्हा वाचली. 'मी काय तिचा दुश्मन आहे?'

'ते मी कसं सांगणार? सही तिची लागते, तुमची नाही.'

मुलगी आतल्या दाराशी कधीपासून उभी होती, कोण जाणे. हात ओले होते. ते तिने ओढणीला पुसले, आली, आणि उभ्यानेच सही केली. नंतर वडिलांकडे बघून म्हणाली, 'बाबा, मी पेपर देणार आहे.' आवाज चढवला नाही. तुम्ही तिला हे शिकवलं असणार. मी तर तिला काहीच शिकवलेलं नाही.

वडील मला दारापर्यंत सोडायला आले. 'सोमवारी पाठवतो. पण गुरुवारी शेवटच्या तासाला ती वर्गात असली पाहिजे. मी फोन करून विचारणार.'

'विचारा. मी खरंच सांगेन.'

अर्ज पंधराला दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी गेला. पोच माझ्याकडे आहे. त्याच दुपारी मी वेळापत्रकात एक बदल मागून घेतला. दहावी 'क'चा गुरुवारचा शेवटचा तास आता माझा, आणि तो ग्रंथालयात. सगळा वर्ग तिथे बसेल. कोपऱ्यातल्या टेबलाशी गणित शिकवायला एक पालक येईल, तिच्या येण्याची परवानगी मी लेखी घेतली आहे. हेडसर म्हणाले, 'हे तुम्हाला कुणी शिकवलं?' मी म्हटलं, 'बाईंनी, पण अर्धवट.' मुलीच्या वडिलांचा फोन आला की मी म्हणेन, हो, वर्गात आहे. विचारलं, आणखी कोण आहे, तर तेही सांगेन. लपवून ठेवलेलं फार दिवस टिकत नाही, बाई. यावर मी तुमच्याशी भांडायला तयार आहे. तुम्ही परत या, मग भांडू.

आज सोमवार. ती आली. वेणी जरा तिरकी होती, स्वतःची स्वतः घातलेली. मी कॅटलॉग उघडला आणि हजेरी सुरू केली. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. चार सेकंद थांबले, मान वर केली नाही, गैरहजेरी लावली आणि बावीस म्हटलं.

कुणीच ओ दिली नाही. मग टॉवर, आता परत शेवटच्या बाकावर आहे, तो म्हणाला, 'मॅडम, एकवीस राहिली.'

ती उभी होती. तिने 'हजर' म्हटलं होतं, पण हळू. मला एकवीसनंतर शांतताच ऐकायची सवय झाली होती.

मी पेन खाली ठेवलं. खोडून दुरुस्त केलं असतं तर चाललं असतं. मी पान उलटलं आणि पहिल्यापासून हजेरी घेतली, प्रत्येकाचं नाव घेऊन, आणि ओ आल्यावर त्या तोंडाकडे बघून. नेहमी तीन मिनिटं लागतात, आज अकरा लागली.

सर्वांत शेवटी, खिडकीकडच्या बाकावर, एक मुलगी एकटीच बसते. जूनच्या यादीत ती बेचाळीस होती. तिने हजर म्हटलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. गेले तीन महिने मी तिला रोज विचारत होते, काय झालंय, काही सांगायचंय का. ती रोज नाही म्हणत होती.

मी वर्गाला वाचन दिलं आणि जाऊन तिच्या शेजारी बसले. काही विचारलं नाही. तास संपायला चार मिनिटं होती तेव्हा ती बोलायला लागली.

काय म्हणाली, ते पत्रात लिहीत नाही.